हे तर झेपेलिनच!

२०१७च्या वसंतात अमेरिकेतल्या रेडिओवर एक गाणं वाजायला लागलं आणि गाडी चालवणाऱ्या पन्नाशी-साठीच्या गृहस्थांचे हात आपोआप आवाज वाढवायच्या बटणाकडे गेले. गिटारचा एक ठसकेबाज तुकडा, मागून ड्रमचा दणका आणि वर एका तरुणाची अशी आरोळी, की शेजारच्या गाडीतल्या कुत्र्यानेही कान टवकारावेत. ऐकणाऱ्याच्या तोंडून एकच वाक्य निघालं, 'हे तर झेपेलिनच!' आणि दुसऱ्याच क्षणी तो बुचकळ्यात पडला. लेड झेपेलिनची झाडून सगळी गाणी आपल्याला पाठ आहेत. मग हे कुठलं? इतकी वर्षं कुठल्या कपाटात पडून होतं?

गाणं संपल्यावर निवेदकाने नाव सांगितलं. गाणं 'हायवे ट्यून', बँड ग्रेटा व्हॅन फ्लीट. वाजवणारी पोरं अठरा ते एकवीसच्या आतबाहेरची. हे कळलं तेव्हा निम्म्या श्रोत्यांना हरवलेलं पाकीट सापडल्याचा आनंद झाला आणि उरलेल्या निम्म्यांना खिसा कापला गेल्याचा संताप आला. पाकीट एकच होतं.

तेव्हापासून वाद चालू आहे. ग्रेटा व्हॅन फ्लीट ही लेड झेपेलिनच्या तोलामोलाची आहे का? नसेल, तर होईल का? आणि होणार नसेल, तर तिला एवढं लेड झेपेलिनसारखं वाजवण्याचा अधिकार दिला कोणी?

ज्यांचा रॉकशी संबंध वरच्या मजल्यावरच्या मुलाच्या गिटारपुरताच आला आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. लेड झेपेलिन १९६८ साली लंडनमध्ये जमली. गिटारवर जिमी पेज, गायला रॉबर्ट प्लांट, बास आणि कीबोर्डवर जॉन पॉल जोन्स, ड्रमवर जॉन बॉनम. बारा वर्षं या चौघांनी स्टेडियमं हलवली. सप्टेंबर १९८०मध्ये बॉनम बत्तिसाव्या वर्षी गेला आणि डिसेंबरात बाकीच्या तिघांनी, त्याच्याशिवाय आम्ही नाही, असं जाहीर करून दुकान बंद केलं. दुकान बंद झालं, गिऱ्हाइकं मात्र अजून पायरीवर बसून आहेत.

ग्रेटा व्हॅन फ्लीटचं गाव फ्रँकेनमुथ. मिशिगन राज्यातलं पाचेक हजार वस्तीचं हे गाव बव्हेरियातून आलेल्या जर्मनांनी वसवलं. ते दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. एक म्हणजे कोंबडीचं जेवण, आणि दुसरं म्हणजे नाताळच्या सजावटीचं एक अवाढव्य दुकान. जगात याहून मोठं नाही अशी त्याची ख्याती आहे आणि ते जवळजवळ बाराही महिने उघडं असतं. ज्या गावात भर उन्हाळ्यात नाताळ असतो, तिथल्या पोरांनी २०१७मध्ये १९७१ साल लावून ठेवलं तर त्यात नवल ते काय! जॉश आणि जेक किझ्का हे जुळे भाऊ, धाकटा सॅम, आणि लहानपणापासूनचा दोस्त डॅनी वॅग्नर. घरात वडिलांच्या जुन्या रेकॉर्डींचा साठा. बँडचं नाव सुचलं ते गावातल्या एका वयस्कर बाईंवरून. त्यांचं नाव ग्रेटना. पोरांनी त्यातला 'एन' गाळला.

इथेही झेपेलिनपंथीय हसतात, कारण झेपेलिनचं नावही अक्षर गाळूनच झालेलं आहे. नवा बँड शिशाच्या फुग्यासारखा आपटणार, अशी थट्टा 'द हू' या बँडच्या मंडळींनी केली होती म्हणतात. त्या थट्टेचंच नाव केलं, फुग्याच्या जागी झेपेलिन हे हवाई जहाज, म्हणजे वायूने तरंगणारी वायुनौका, घातलं, आणि लोक 'लीड' म्हणतील म्हणून इंग्रजी स्पेलिंगमधला 'ए' काढून टाकला. म्हणजे पोरांनी नक्कल केली तीही अक्षर गाळण्यापासून!

वादाची बैठक सगळीकडे सारखीच बसते. कुणीतरी सुरुवात करतो, 'आवाज प्लांटचा चोरलाय.' समोरून उत्तर येतं, 'आवाज जन्माला येताना मिळतो, चोरतात कसा?' मग कपड्यांवर घसरतात. प्लांट छाती उघडी टाकून गायचा, ग्रेटाचा जॉशही तसाच गातो. त्यावर, 'छातीचं काय प्लांटने पेटंट घेतलं होतं?' मधेच एक समन्वयवादी उठतो आणि म्हणतो की काही का असेना, पोरं वाद्यं हातात घेऊन वाजवतात, यंत्रावर बटणं दाबत नाहीत. या माणसाला दोन्ही बाजू सारख्याच वैतागतात. एकजण कोपऱ्यात बसून 'खरं ऐकायचं तर रायव्हल सन्स हा बँड ऐका' असं सांगत असतो. त्याला कुणी विचारलेलं नसतं. आणि रात्र चढली की ब्लॅक सॅबथचा एक भक्त येऊन, हे दोन्ही बँड मुळात मिळमिळीत कसे आहेत, ते समजावून देतो.

सगळ्यांत गंमत असते ती बापलेकांची. बापाने वीस वर्षं घर डोक्यावर घेतलेलं असतं की हल्लीच्या पोरांना संगीत कळत नाही, गिटार म्हणजे काय ते ठाऊक नाही. मग एके दिवशी पोरगा खोलीचं दार लावून गिटारचा गोंगाट सुरू करतो. बाप दाराशी उभा राहून ऐकतो. त्याचे डोळे पाणावतात. दार उघडून तो आत जातो आणि म्हणतो, 'ही नक्कल आहे.'

समीक्षकांनी तर दारही उघडलं नाही. ऑक्टोबर २०१८मध्ये ग्रेटाचा पहिला पूर्ण अल्बम 'अँथम ऑफ द पीसफुल आर्मी' आला, तेव्हा पिचफोर्क या संगीतसमीक्षेच्या नामांकित प्रकाशनाने त्याला १.६ गुण दिले. दहापैकी. शाळेत एवढे गुण पडले की पालकांना बोलावून घेतात. इथे अर्ध्याअधिक रेकॉर्डी पालकांनीच विकत घेतल्या असाव्यात, कारण तोच अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तिसरा आला. शून्य दिला असता तर एक वेळ राग समजला असता. दशांश चिन्हापुढचे सहा कशाबद्दल दिले, हे कोडं अजून सुटलेलं नाही.

चारच महिन्यांनी, फेब्रुवारी २०१९मध्ये, 'फ्रॉम द फायर्स' या आधीच्या छोट्या अल्बमला सर्वोत्तम रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं. इथे झेपेलिनपंथीयांच्या जखमेवर मीठ पडलं, आणि त्याला कारणही होतं. लेड झेपेलिन जोमात असताना तिला ग्रॅमी कधीच मिळालं नाही. १९७०मध्ये सर्वोत्तम नवोदित म्हणून नामांकन झालं, बक्षीस क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश घेऊन गेले. २००५मध्ये जीवनगौरव दिला, म्हणजे निवृत्तीनंतरची शाल आणि श्रीफळ. स्पर्धेतलं ग्रॅमी मिळालं ते २०१४मध्ये, तेही २००७ सालच्या एका मैफलीच्या ध्वनिमुद्रणाला आणि त्याच सर्वोत्तम रॉक अल्बमच्या गटात. गुरूला पहिल्या अल्बमपासून पंचेचाळीस वर्षं लागली, ते शिष्य दोन वर्षांत घेऊन गेले. अशा वेळी भल्या माणसाचंही पित्त खवळतं.

स्वतः गुरूचं मत काय? २०१८मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टीव्हीवर रॉबर्ट प्लांटला आवडत्या नव्या बँडबद्दल विचारलं, तेव्हा त्याने डेट्रॉइटकडच्या या पोरांचं नाव घेतलं. ते म्हणजे लेड झेपेलिन वन आहेत, असं म्हणाला. गायक काय सुरेख आहे, त्याचा रागच येतो, असंही हसत हसत म्हणाला. आणि त्याने आवाज ज्याच्याकडून उसना घेतलाय त्या माणसाला आपण चांगलं ओळखतो, अशी पुस्ती जोडली. झालं! ग्रेटापंथीयांनी 'सुरेख' हा शब्द उचलला, झेपेलिनपंथीयांनी 'उसना' उचलला, आणि एकाच मुलाखतीची दोन प्रमाणपत्रं झाली.

पण प्लांट 'लेड झेपेलिन वन' म्हणाला होता. म्हणजे पहिला अल्बम. गाजलेला चौथा नव्हे. आणि त्या पहिल्या अल्बमचं स्वागत जगाने कसं केलं होतं, ते दोन्ही बाजूंनी एकदा आठवून पाहायला हरकत नाही.

जानेवारी १९६९मध्ये तो बाजारात आला. मार्चमध्ये रोलिंग स्टोन मासिकात जॉन मेंडेलसन याने त्याचं परीक्षण लिहिलं. सूर असा, की यात जे आहे ते जेफ बेकच्या बँडने काहीच महिन्यांपूर्वी इतकंच किंवा याहून चांगलं करून दाखवलेलं आहे. थोडक्यात, ही नक्कल आहे. मेंडेलसनला पुढे आयुष्यभर झेपेलिनभक्तांनी फाडून खाल्लं, पण त्याचं बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं. जेफ बेक आणि जिमी पेज पोरवयापासूनचे मित्र. बेकच्या 'ट्रुथ' या अल्बममध्ये 'यू शुक मी' हे विली डिक्सनचं ब्लूज होतं. झेपेलिनच्या पहिल्या अल्बममध्येही तेच गाणं आलं. इतकंच नव्हे, तर बेकच्या रेकॉर्डवर त्या गाण्यात ऑर्गन वाजवणारा होता जॉन पॉल जोन्स, आणि झेपेलिनच्या रेकॉर्डवर त्याच गाण्यात ऑर्गन वाजवणाराही तोच. दोन लग्नं, मंगलाष्टकं तीच, भटजीही तेच; नवरदेव तेवढे वेगळे.

आता विली डिक्सन यांचं नाव निघालंच आहे, तर जरा बसायला हवं. हे शिकागोचे ब्लूजचे पट्टीचे गीतकार. त्यांचं एक गाणं मडी वॉटर्सने १९६२मध्ये गायलं. १९६६मध्ये लंडनच्या स्मॉल फेसेस या बँडने ते उचललं, नाव किंचित बदललं आणि गीतकार म्हणून आपल्याच दोघांची नावं घातली. त्यांचा गायक स्टीव्ह मॅरियट हा तरुण प्लांटचा लाडका. १९६९मध्ये झेपेलिनने 'होल लोटा लव्ह' काढलं, त्यात डिक्सन यांचे शब्द होते, मॅरियटच्या आरोळ्यांची झाक होती, आणि श्रेयनामावलीत होते झेपेलिनचे चौघे. डिक्सन यांनी १९८५मध्ये दावा लावला, १९८७मध्ये तडजोड झाली आणि त्यांचं नाव रेकॉर्डवर आलं. उचलणारे दोन, सापडला एकच. कारण मालाला खरा भाव त्याच्याच दुकानात आला होता. आणि त्या गाण्यातला प्लांटचा आवाज कुणाकडून उसना होता, हे सांगायला मॅरियटला कुणी ऑस्ट्रेलियन टीव्हीवर बोलावलं नाही.

झेपेलिनच्याच 'स्टेअरवे टू हेवन'चं प्रकरण तर कोर्टात सहा वर्षं चाललं. या गाण्याची गिटारवरची सुरुवात स्पिरिट या बँडच्या 'टॉरस' या १९६८च्या रचनेवरून घेतली, असा २०१४मध्ये दावा झाला. झेपेलिनने अमेरिकेतला आपला पहिलाच कार्यक्रम डिसेंबर १९६८मध्ये डेन्व्हरला केला, तेव्हा त्याच मंचावर स्पिरिटही होता, त्यामुळे संशयाला जागा होती. २०१६मध्ये ज्युरीने झेपेलिनच्या बाजूने कौल दिला, पुढे अपिलांच्या पायऱ्या चढत २०२०मध्ये प्रकरण झेपेलिनच्या बाजूनेच मिटलं. पण खरी मौज पुढेच आहे. त्या काळच्या कायद्याप्रमाणे संरक्षण फक्त कागदावर नोंदवलेल्या स्वरलिपीला होतं, म्हणून ज्युरीला 'टॉरस'ची मूळ रेकॉर्ड ऐकवलीच नाही. संगीताचा निवाडा रेकॉर्ड न ऐकता करण्याची ही पद्धत कोर्टाने शोधून काढली असं समजू नये. चाहते ती फार पूर्वीपासून वापरत आले आहेत.

आपल्याकडे या बाबतीत निदान एक शिस्त आहे. शिष्य गंडा बांधतो, गुरूसारखं गायला वर्षानुवर्षं खपतो, आणि मैफलीत गुरूची हुबेहूब जागा घेतली की श्रोते 'क्या बात है' म्हणतात. मध्यंतरात चहा पिताना तेच श्रोते 'पण याचं स्वतःचं काय?' म्हणतात, तो भाग वेगळा. रॉकमध्ये गंडा बांधायची सोय नाही. तिथे गुरू मागच्या दाराने गाठायचा असतो, आणि पुढच्या दाराशी उभं राहून आपण स्वयंभू असल्याचं सांगायचं असतं.

'हे तर झेपेलिनच!' हे वाक्यही २०१७मध्ये पहिल्यांदा उच्चारलं गेलं नाही. १९७४ साली क्लीव्हलँडच्या एका रेडिओ स्टेशनवर डोना हॅल्पर या बाईंकडे कॅनडातून एका अनोळखी बँडची रेकॉर्ड आली. त्यांनी त्यातलं 'वर्किंग मॅन' हे सात मिनिटांचं गाणं लावलं. गाव कामगारांचं, गाणं कामगाराचं. फोन खणखणायला लागले, आणि विचारणा एकच होती की झेपेलिनची ही नवी रेकॉर्ड कुठे मिळेल. बँडचं नाव होतं रश. त्याच वर्षी त्यांचा ड्रमर बदलला, नील पर्ट आला, १९७६मध्ये '२११२' आला, आणि रशने झेपेलिनचा रस्ता सोडून अशी वाट धरली की पुढे पोरंटोरं रशची नक्कल करायला लागली. ग्रेटाला हिणवणारे रशचं नाव कधी काढत नाहीत. ग्रेटाची बाजू घेणारे दुसरं काही काढतच नाहीत.

त्यांनी किंगडम कमचंही नाव काढायला हवं. १९८८मध्ये जर्मन गायक लेनी वुल्फच्या या बँडने अशी काही सही सही झेपेलिन वाजवली, की लोक त्याला 'किंगडम क्लोन' म्हणायला लागले. पुढच्या वर्षी गॅरी मूरने 'लेड क्लोन्स' नावाचं गाणंच काढलं आणि त्यात साथीला ऑझी ऑस्बोर्नला घेतलं. एखाद्या बँडची टिंगल करायला इतके नामवंत कलाकार एकत्र येणं हाही एक बहुमानच, पण तो पेलण्याआधीच १९८९मध्ये बँड फुटला.

डेव्हिड कव्हरडेलची गोष्ट याहून रंगतदार. त्याच्या व्हाइटस्नेक या बँडने १९८७मध्ये जे काही केलं, ते ऐकून प्लांटने त्याचं नाव 'डेव्हिड कव्हरव्हर्जन' ठेवलं. सगळे हसले. १९९३मध्ये जिमी पेजने एक नवा अल्बम काढला. त्यात गायक कोण? डेव्हिड कव्हरडेल. मूळ मालकानेच नकलाकाराशी भागीदारी केल्यावर दुकानाबाहेर भांडणाऱ्या गिऱ्हाइकांनी नेमकं काय करायचं? आणि खुद्द प्लांटही यातून सुटलेला नाही. १९८८मध्ये त्याने आपल्या एका एकल गाण्यात जुन्या झेपेलिनचे तुकडे जसेच्या तसे कापून घातले. स्वतःचीच नक्कल करण्याचा अधिकार तरी माणसाला असावा, असं त्याचं म्हणणं असणार.

या सगळ्या गर्दीत ड्रेड झेपेलिन हा एकच बँड सुखात राहिला. झेपेलिनची गाणी रेगेच्या ठेक्यावर वाजवायची, आणि पुढे गायला एल्व्हिस प्रेस्लीच्या वेशातला भला दांडगा गृहस्थ, नाव टॉर्टेल्विस. प्लांटला हा प्रकार मनापासून आवडला. त्यांच्यावर नकलेचा आरोप कुणी केला नाही. गुन्हा आधीच पाटीवर लिहून दुकान उघडलं होतं.

मुंबईचाही या कहाणीत एक छोटासा वाटा आहे. १९७२ साली पेज आणि प्लांट मुंबईत आले आणि विजय राघव राव यांच्या हाताखालच्या इथल्या वादकांना घेऊन त्यांनी स्टुडिओत आपलीच दोन गाणी नव्याने मुद्रित केली. एक होतं 'फ्रेंड्स', दुसरं 'फोर स्टिक्स'. ती मुद्रणं अधिकृतपणे बाहेर आली २०१५मध्ये, त्रेचाळीस वर्षांनी. एका संध्याकाळी कुलाब्याच्या स्लिप डिस्क या डिस्कोथेकमध्येही दोघांनी वाजवल्याची आठवण मुंबईचे जुने रॉकवाले अजून सांगतात. हे ऐकणारा प्रत्येकजण त्या रात्री तिथे हजर होता असं धरलं, तर स्लिप डिस्कची जागा ब्रेबॉर्न स्टेडियमएवढी असली पाहिजे. स्टुडिओतल्या त्या मुंबईकर वादकांना झेपेलिन कोण, याच्याशी फारसं देणंघेणं असण्याचं कारण नव्हतं. समोर आलं ते त्यांनी आपल्या हाताने वाजवलं. झेपेलिनची गाणी वाजवूनही 'झेपेलिनसारखं वाजवता' हा ठपका ज्यांच्यावर आला नाही, असे हे जगातले पहिले वादक असावेत.

मग तोलामोलाचा निकाल काय?

आधी तराजू तपासायला हवा. एका पारड्यात चालता-बोलता बँड आहे. तो आज एक चांगलं गाणं करतो, उद्या एक कंटाळवाणं, परवा गायक कुठल्याशा पिसाऱ्याचा झगा घालून येतो. दुसऱ्या पारड्यात बँड नाहीच, आठवण आहे. आणि मेल्या म्हशीला मणभर दूध. झेपेलिनने स्टुडिओतला शेवटचा अल्बम १९७९मध्ये काढला. त्यानंतर तिला वाईट अल्बम काढायची संधीच मिळाली नाही. मंचावर वाईट वाजवायची संधी मिळाली तेव्हा मात्र तिने ती सोडली नव्हती. जुलै १९८५मध्ये फिलाडेल्फियाच्या 'लाइव्ह एड'मध्ये तिघे एकत्र आले, ड्रमवर फिल कॉलिन्स आणि टोनी थॉम्प्सन. तालीम अपुरी, गिटार बेसूर, प्लांटचा घसा बसलेला. पुढे त्या कार्यक्रमाची डीव्हीडी निघाली तेव्हा आमचा भाग वगळा, असं त्यांनी स्वतः सांगितलं. ग्रेटाला तोलताना हा भाग चाहतेही वगळतात.

वयाची सबबही दोन्हीकडून खोटी पडते. 'पोरं लहान आहेत' म्हणावं, तर १९६८मध्ये प्लांट आणि बॉनम जेमतेम वीसचे होते. 'झेपेलिनची प्रतिभा दैवी' म्हणावं, तर पेज आणि जोन्स यांनी तोवर लंडनच्या स्टुडिओंत वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या रेकॉर्डींवर रोजंदारी केली होती. रोलिंग स्टोन्सच्या 'शीज अ रेनबो'मधली तंतुवाद्यांची मांडणी जोन्सची. गॅरेजमधून थेट मंचावर आलेल्या पोरांकडे ही मजुरी नाही.

तरीही प्रस्तुत लेखकाला विचाराल, तर निकाल झेपेलिनच्या बाजूने जातो, आणि त्यात मौलिकतेचा काही संबंध नाही. उसनवारी दोघांनीही केली. पण झेपेलिनने ती दहा दुकानांतून केली. शिकागोचं ब्लूज घेतलं, ब्रिटिश लोकसंगीतातली गिटार घेतली, मोरोक्कोच्या वाळवंटातून जाताना 'काश्मीर' सुचलं, १९७३च्या पाचव्या अल्बममध्ये तर रेगे आणि जेम्स ब्राउनचा फंकही घालून पाहिला. इतक्या ठिकाणचा माल एका पिशवीत कोंबला की पिशवी आपली वाटायला लागते. ग्रेटाने सगळी खरेदी एकाच दुकानात केली, आणि एका दुकानातून घेतलं की पिशवीवर दुकानाचं नाव दिसतं.

शिवाय वेग बघा. जानेवारी १९६९ ते नोव्हेंबर १९७१ या तीन वर्षांच्या आत झेपेलिनने चार अल्बम काढले. समीक्षकांचा इतका उबग आला होता, की चौथ्याच्या वेष्टनावर बँडचं नावही छापलं नाही. त्याच्या अमेरिकेतच दोन कोटींहून जास्त प्रती गेल्याची नोंद आहे. ग्रेटाचे पूर्ण अल्बम २०१८, २०२१ आणि २०२३ असे सावकाश आले. दुसऱ्यात तंतुवाद्यं, लांबलचक गाणी, भव्य देखावा असं बरंच काही घातलं, म्हणून लोकांनी बारकाईने ऐकलं. ऐकून म्हणाले, 'हे तर रश!' ही प्रगती म्हणायची की नुसतं दुकान बदललं, यावर आता नवा वाद आहे.

आणि शेवटी बॉनम. जॉशचा गळा प्लांटच्या जवळ जातो, जेकची गिटार पेजची आठवण करून देते, पण ड्रमपाशी येऊन सगळ्यांची नक्कल संपते. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'साठी बॉनमचे ड्रम हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूच्या जिन्याखालच्या प्रवेशदालनात मांडले आणि मायक्रोफोन जिन्यावरून वर टांगले. तो आवाज पुढे हिपहॉपवाल्यांनीही कापून कापून वापरला. मूळ गाणं अर्थातच दुसऱ्याचं, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मकॉय यांचं, १९२९चं. या वेळी मिनीचं नाव श्रेयात आधीपासून होतं, हे झेपेलिनच्या बाजूने नोंदवून ठेवायला हवं. डॅनी वॅग्नर चांगला ड्रमर आहे. त्याचा दोष एवढाच की त्याच्या घराचा जिना वेगळा आहे.

राहता राहिल्या फ्रँकेनमुथच्या ग्रेटनाबाई, ज्यांच्या नावातला 'एन' गेला. पोरांनी नाव परस्पर वापरलं होतं, पण बाईंनी पुढे आशीर्वाद दिला. पोरं गुणी आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. हे संगीत मात्र आपल्या आवडीचं नाही, हेही त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं.